मधल्या मुलीचं काय होतं? सेलूच्या एका विद्यार्थिनीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली ही विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी विज्ञान. २०२५ च्या एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिला ९४.३ पर्सेंटाइल मिळाले. घरी चार एकर कोरडवाहू शेती. वडील एका कृषी सेवा केंद्रात कामाला जातात, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ नववीत. घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. तिची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत, आणि या प्रकरणात येणाऱ्या पुण्यातल्या एका खासगी कॉलेजचं नावही दिलेलं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. उन्हाळा संपता संपता मुलं आणि पालक ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, घेऊन घरी येऊ लागतात. त्यातलं हेच प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, प्रवेशाच्या वेळी घरं ज्या ज्या प्रश्नांवर अडतात ते सगळे या एका घरात एकदम उभे राहिले. शाखा मोठी की कॉलेज? पुणे की जवळचं शहर? आज पैसे भरून पक्की होणारी जागा घ्यायची की कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांची वाट बघायची? आणि मुलीला एकटीला किती लांब ठेवायचं?

निकालानंतरचा आठवडा

जूनच्या मध्यात निकाल लागला. ९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के नव्हेत, हे वडिलांना समजावण्यातच एक संध्याकाळ गेली. त्या वर्षी पीसीएमला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि ढोबळ हिशेबाने त्यातली चोवीस-पंचवीस हजार तिच्या पुढे होती. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत. त्यामुळे जागा मिळेल का ही चिंता नव्हतीच. कोणती घ्यायची हा खरा प्रश्न होता, आणि पहिलटकर घराला तोच जास्त जड जातो, कारण विचारायचं कोणाला हेच माहीत नसतं.

या घरात विचारायला होते ते मामा. ते चाकणला एका कंपनीत आहेत, भाचीवर त्यांचा फार जीव. त्यांनी फोनवर सांगितलं, "दाजी, शिकायचं तर पुण्यातच शिकावं. कंपन्या तिथं दारात हायेत. आन् माझी नजर राहील पोरीवर." मामांनी कॉलेजही बघून ठेवलं होतं. शाखा एआय अँड डेटा सायन्स. त्या कॉलेजातून वडिलांना फोनही आला: दोन दिवसांत पन्नास हजार भरून जागा बुक करा, कॅपमध्ये ही शाखा तुम्हाला मिळणार नाही. वडिलांनी एका व्यापाऱ्याकडे उसन्या पैशांचा शब्दही टाकून ठेवला होता.

इथे थांबून नियम बघावा लागतो, कारण सगळं प्रकरण याच वळणावर फिरलं.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. बोलीभाषेत मॅनेजमेंट कोटा. या जागाही जाहीर वेळापत्रकाप्रमाणे आणि गुणवत्तेनेच भरायच्या असतात, आणि ठरलेल्या फीशिवाय वर पैसे मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. पण या घरासाठी त्याहून महत्त्वाचा होता ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. मात्र माफी मिळते ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरच्या जागेला ती लागू नाही. अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही तिच्याबाहेर आहेत.

मुलगी ओबीसी. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या जवळपाससुद्धा नाही. त्या कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास होती. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच शाखेत, त्याच बाकावर कॅपमधून बसली तर शिक्षण शुल्क शून्य आणि पन्नास हजार भरून आधी जागा धरली तर चार वर्षांत सहा लाख. फोनवर बोलणाऱ्याने हा फरक सांगितला नव्हता. वडिलांनी विचारलाही नव्हता, कारण असा काही फरक असतो हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो येत राहील. सवलत देणारा कागद मुंबईत निघतो आणि जिच्यासाठी निघतो तिच्या घरी तो पोचायच्या आत कॉलेजचा फोन पोचतो.

कागदपत्रांचंही सांगायला हवं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तिने अकरावीतच अर्ज केला होता, ते हातात होतं. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला, मात्र ३१ मार्च २०२५ ला संपलेलं. २०२५-२६ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. सेतू केंद्रावर गर्दी होती, तरी मुदतीत मिळालं. ज्या घरात बारावीचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी हे काम एप्रिलमध्येच उरकावं. ते नसेल तर आरक्षणाचा दावा जातो आणि अर्ज खुल्या प्रवर्गात मोजला जातो.

कॉलेज कसं वाचायचं

उसन्या पैशांचा विषय मिटला, तरी पुण्याचं ते कॉलेज यादीतून गेलं नव्हतं. जाण्याचं कारणही नव्हतं. कॅपमधून ते घेता आलं असतं. मग तुलना सुरू झाली.

कॉलेजच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर ४० लाखांच्या पुढचं सर्वोच्च पॅकेज छापलेलं होतं, शेजारी एका मुलाचा हसरा फोटो. मामांना त्याच पानाने जिंकलं होतं. मी तिला सांगितलं, हा मुलगा कुठेही गेला असता तरी पुढे गेला असता. आपल्याला वर्गातली मधली मुलगी शोधायची आहे. साठ जणांत तिसावी. पहिल्या पाचात नाही, शेवटच्या पाचातही नाही. तिचं चार वर्षांनी काय होतं? तिला शिकवायला कोण असतं? ती संध्याकाळी कुठे बसून अभ्यास करते? कॉलेज निवडताना मी हा एकच प्रश्न खरा मानते, कारण पहिल्या वर्षाला पाऊल टाकणारी बहुतेक मुलं मधलीच असतात आणि घरात मात्र हिशेब पहिल्या नंबराचा चालतो.

हे कळायला गुप्त सूत्र लागत नाही. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी तळाशी बारीक अक्षरात एनआयआरएफ लिहिलेलं असतं, तिथे पीडीएफ सापडते. क्रमांक बघू नका, पीडीएफ उघडा. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता असतो. एका ओळीत त्या बॅचची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, दुसऱ्या वर्षाला थेट आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले.

आम्ही ती ओळ मोबाइलवर मोठी करून वाचली. प्रवेश आणि मुदतीत पदवी यांच्यातलं अंतर बघितलं की किती मुलं केटीत, म्हणजे राहिलेल्या विषयांत, अडकून मागे राहिली ते कळतं. पदवी मिळवलेले आणि नोकरी लागलेले यांच्यातलं अंतर बघितलं की पहिल्या पानावरच्या फोटोमागे किती जण उभे आहेत ते कळतं. पुण्याच्या त्या कॉलेजात पदवी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली होती आणि मध्यम पगार साडेतीन लाखांच्या आगेमागे होता. हा आकडा आयटीतल्या मोठ्या भरतीचा असतो. टीसीएसचं नवख्यांसाठीचं निन्जा पॅकेज कित्येक वर्षं ३.३६ लाख राहिलं. त्यात वाईट काही नाही, हजारो घरं त्या पगारावर उभी राहिली आहेत. पण हा मध्यम पगारही फक्त नोकरी लागलेल्यांचा. उरलेले त्यात नाहीतच.

दुसरी गोष्ट तिने स्वतः शोधली. त्या कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स शाखा २०२२ मध्ये सुरू झालेली. म्हणजे पहिली बॅच बाहेर पडणार २०२६ ला. जून २०२५ मध्ये त्या शाखेतून उत्तीर्ण झालेला एकही विद्यार्थी अस्तित्वात नव्हता. माहितीपत्रकातली सगळी पॅकेजेस जुन्या शाखांची होती. "मग मॅडम, ते कशावरून सांगतात?" तिने विचारलं. ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला कॉलेज निवडता येतं.

शाखेच्या नावांबद्दल थोडं. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढून टाकली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडशाखांच्या तुकड्या भराभर वाढल्या. खोल्या आणि संगणक विकत घेता येतात. शिकवणारी माणसं त्या वेगाने तयार होत नाहीत. एनआयआरएफच्या त्याच पीडीएफमध्ये प्राध्यापकांची यादी असते, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीखही असते. वर्षभरात रुजू झालेलेच जास्त दिसले आणि दहा वर्षं टिकलेले दोन-तीनच, तर मधल्या मुलीला तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी ओळखीचा चेहरा मिळणार नाही. दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांपैकी नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजला मिळते, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. प्रवेशाच्या वेळी दुसरी गोष्ट जास्त कामाची, आणि पोस्टरवर नेमकी पहिली मोठ्या अक्षरात असते.

समोर दुसरी बाजू होती नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेची. १९८१ ची स्थापना, स्वायत्त, विष्णुपुरीला गोदावरीकाठी. तिच्या पर्सेंटाइलला तिथे कॉम्प्युटर कठीण होतं, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन (ईएनटीसी) शक्य होतं. सांगलीचं वालचंद, कऱ्हाड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं यांचीही चर्चा झाली. सांगली-कऱ्हाड सेलूहून फार लांब पडतं म्हणून आईने नको म्हटलं, आणि ते मी मान्य केलं. अंतर हाही खराच निकष आहे. मुलगी आजारी पडली तर आई एका दिवसात पोचू शकते का, हे शाखेइतकंच खरं आहे.

मायलेकी बघून आल्या

मी हट्टाने सांगितलं होतं की फॉर्म भरायच्या आधी दोन्ही ठिकाणं बघून या. ज्या जागी चार वर्षं काढायची ती न बघता लोक घेतात. शेताचा बांध बघितल्याशिवाय कोणी व्यवहार करत नाही.

पुण्यात कॉलेजची इमारत चकचकीत होती. पहिल्या वर्षाच्या मुलींना होस्टेल पुरत नव्हतं; बहुतेक मुली तीन-चार किलोमीटरवर कॉट बेसिसवर राहत होत्या. एका खोलीत चौघी, दोन वेळचं जेवण धरून महिना नऊ हजार. प्रवेश कक्षातल्या माणसाने सगळं छान सांगितलं. आईने त्याचं ऐकून घेतलं आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या मुलींकडे मुलीला पाठवलं. एक दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "डेटा स्ट्रक्चर्सला एका सेममध्ये तीन मॅडम बदलल्या. आम्ही यूट्यूबवर शिकलो." त्याच मुलीने हेही सांगितलं की पुण्यात हॅकेथॉन, मीटअप, इंटर्नशिप खूप मिळतात, ज्याला धावायचंय त्याला आभाळ मोकळं आहे.

विष्णुपुरीला आईने विचारलेले प्रश्न मी जसेच्या तसे लिहून घेतले, कारण कुठल्याही मार्गदर्शन शिबिरात ते कोणी सांगत नाही. रात्री पोटात दुखलं तर कोण नेतं? पाणी रात्री दहानंतर येतं का? गेट किती वाजता बंद होतं आणि उशीर झाला तर काय होतं? रविवारी रात्री मेस चालू असते का? सुट्टीत सगळ्या घरी गेल्या आणि एखादीला जाता आलं नाही तर? शेवटच्या वर्षाच्या दोघी पायरीवर बसून सगळं सांगत राहिल्या. दवाखान्याच्या प्रश्नावर एकीने हात करून दाखवलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीतच आहे. मुलीने तिचा प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या वर्गातली मधली मुलगी आता काय करतेय?" दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "मधली मीच." तिला पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर होती, सहा लाखांच्या आतली. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारीही चालू होती.

एका उत्तराने काही सिद्ध होत नाही, हे मी तिला परतल्यावर सांगितलं. पण तक्त्यातली ओळ आणि पायरीवरची मुलगी एकाच दिशेने बोलत होत्या.

फॉर्म

ऑप्शन फॉर्मबद्दल पालकांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते: वर अवघड कॉलेजं टाकली तर खालचं हातचं जाईल. तसं होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून खाली बघत जातो. जे पहिलं मिळण्यासारखं दिसेल ते देतो. सर्वांत वर पुण्याचं सीओईपी टाकलं म्हणून नांदेडचा दावा तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे क्रम कटऑफने लावायचा नाही, आपल्याला हवंसं वाटण्याने लावायचा.

२०२५-२६ मध्ये मात्र या क्रमाला जास्त वजन आलं. फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या आणि आपोआप गोठण्याचा नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर जागा गोठते, म्हणजे पुढच्या फेरीचं दार बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं काही मिळालं तर. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. म्हणून पहिल्या सहा ओळींत एकही नाव असं नको की ते मिळाल्यावर घरात तोंडं उतरतील. शेजारच्या एका मुलाने केवळ मिळेलच म्हणून एक कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं, ते पहिल्याच फेरीत मिळालं आणि आणखी चांगलं मिळण्यासारखं असूनही त्याला पुढे सरकता आलं नाही.

आम्ही मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या घेऊन बसलो. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या तक्त्यातली अक्षरं परकी वाटतात: जीओपीईएनएस, एलओबीसीएस. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातली, ओ म्हणजे बाहेरची. तिने आधी जीओपीईएनएसचा रकाना बघून नांदेडवर काट मारली होती. एलओबीसीएसच्या रकान्यात आकडा उतरलेला दिसला तेव्हा ती काट तिने खोडली. राज्यात मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा अर्थ त्या रकान्यात असा उमटतो.

अंतिम क्रम असा लागला: सीओईपी कॉम्प्युटर, सीओईपी ईएनटीसी, मुंबईच्या व्हीजेटीआयचं इलेक्ट्रॉनिक्स, मग नांदेडचं कॉम्प्युटर, आयटी आणि सहाव्या क्रमांकावर ईएनटीसी. त्याखाली संभाजीनगर, अमरावती. पुण्याचं ते खासगी कॉलेज अकराव्या क्रमांकावर. मामांनी फोनवर विचारलं, "अकराव्याला का टाकलं?" तिनेच उत्तर दिलं, "मामा, टाकलंय ना. वरचं काहीच नाही मिळालं तर येतेच." ते गप्प झाले, पण रागावले नाहीत.

पहिल्या फेरीत मिळालं ते नेमकं अकरावं. कॅपमध्ये ही शाखा मिळणारच नाही असं फोनवर सांगितलं होतं, ती हीच. तिने जागा स्वीकृतीचे एक हजार रुपये भरले आणि पुढच्या फेरीत चांगल्याची वाट बघण्याचा पर्याय घेतला. इथे पुन्हा घरात घालमेल झाली. हातातली सोडायची का? सोडायची नसतेच, वरचं काही मिळालं नाही तर हातातली तशीच राहते, मिळालं तरच जुनी जाते. दुसऱ्या फेरीत नांदेडचं ईएनटीसी आलं. कॉम्प्युटरसाठी तिसरी फेरी बघितली, बदल झाला नाही. कागदपत्रं घेऊन वडील तिच्याबरोबर विष्णुपुरीला गेले आणि प्रवेश पक्का झाला.

पहिलं वर्ष

पहिला महिना वाईट गेला. शिकवणं इंग्रजीतून, आणि तेही आपल्याकडच्या सेमी-इंग्लिशसारखं अधेमधे मराठीत उतरणारं नाही. वर्गात समोरचा मुलगा पटकन उत्तर देतो आणि आपल्याला प्रश्नच उशिरा कळतो, ही गोष्ट तिला सर्वांत जास्त लागली. सीईटीत ९४ पर्सेंटाइल घेतलेली मुलगी आपल्या तालुक्यात हुशार असते. इथे वर्गातली प्रत्येक जण आपापल्या तालुक्यातली हुशार. मिड-सेमला गणितात वीसपैकी सात पडले. रात्री घरी फोन केला आणि आईला म्हणाली, मी इथं बसतच नाही.

पुढे जे झालं त्यासाठीच मी मधल्या मुलीच्या संध्याकाळीबद्दल इतकं बोलते. होस्टेलच्या त्याच मजल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि जेवणानंतर तासभर चौघींना घेऊन बसू लागली. खोलीतल्या इतर तिघी लातूर, किनवट आणि जळगावच्या. किनवटच्या मुलीचं गणित चांगलं, हिचं भौतिकशास्त्र. देवाणघेवाण सुरू झाली. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं, कारण हे कॉलेज देत नाही. पण मुली एकाच आवारात राहत असतील तरच हे घडू शकतं. तीन-चार किलोमीटरवर विखुरलेल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत रात्री नऊला कोणी कोणाकडे वही घेऊन जात नाही.

बाकी विद्यार्थीजीवन म्हणतात ते हळूहळू जमलं. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरून घेतात; १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता, वापरायची वेळ आली नाही. इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटवर रात्री जागरणं झाली. आलेखाच्या अक्षांवर एकक न लिहिल्यामुळे फिजिक्सचं जर्नल परत आलं, हे सांगताना ती माझ्यासमोर लाजली. गॅदरिंगला तिने भाग घेतला नाही, पण तीन रात्री पडद्यामागे कपडे शिवून दिले. आईचा हात तिच्यात आहे. दिवाळीला घरी आली ती ब्रेडबोर्ड आणि सुट्या तारा घेऊन. एलईडी का पेटत नाही म्हणून भावासमोर अर्धा तास खटपट केली. शेवटी दोन्ही पाय एकाच ओळीत खोचलेले सापडले. पाय वेगळ्या ओळीत लावले, दिवा पेटला. आत पत्र्याच्या पट्ट्या कशा आडव्या जोडलेल्या असतात ते तिने भावाला वहीत काढून दाखवलं. हाताने केल्यावर समजतं, हा अनुभव तिला बारावीच्या दोन वर्षांत मिळाला नव्हता, कारण तिथे प्रयोगापेक्षा बहुपर्यायी प्रश्नांना किंमत होती. आमच्याकडच्या बारावीबद्दल हे सांगताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय सुटले. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, सातच्या थोडा वर. अगदी मधोमध.

तिच्याच बारावीच्या वर्गातला एक मुलगा पुण्याच्या त्या खासगी कॉलेजात गेला, कॅपमधूनच, त्याच शाखेला. तो उत्तम करतो आहे. एका हॅकेथॉनमध्ये त्याचा गट पुढच्या फेरीत गेला, ओळखी वाढल्या, इंग्रजी सुधारलं. तो मावशीकडे राहतो, बसने जाऊन-येऊन तीन तास जातात, पण त्याला स्वतःहून धावायची सवय आधीपासून आहे. त्याच्यासाठी तो निर्णय बरोबर ठरला आणि हिला तोच कदाचित जड गेला असता. नांदेडची उणी बाजूही तिला जाणवते. पुण्यासारख्या कंपन्या दाराशी नाहीत. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप शोधायला पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागेल, आणि त्यासाठी मामांनी आत्ताच एक खोली रिकामी ठेवायचं कबूल केलं आहे.

पैशांचा हिशेब तिच्या वडिलांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे. शिक्षण शुल्क माफ. विकास शुल्क आणि इतर किरकोळ फी माफीत येत नाही, ती भरली. होस्टेल, मेस आणि गावी येण्याजाण्याचं भाडं धरून पहिल्या वर्षी घरातून साठ-पासष्ट हजारांच्या आसपास गेले. पुण्यात नऊ हजारांची कॉट, विकास शुल्क आणि बसभाडं धरलं असतं तर सव्वा लाखाच्या पुढे गेलं असतं, शिक्षण शुल्क माफ असूनही. ज्यांना वसतिगृह मिळत नाही अशा ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिच्यात जिल्ह्यागणिक जागा ठरलेल्या असतात. अर्ज करावा, भरवसा ठेवू नये. मुलगा असता तर फीमाफी निम्मीच मिळाली असती आणि हा सगळा हिशेब वेगळा झाला असता. धाकट्या भावाची वेळ येईल तेव्हा तो नव्याने मांडावा लागेल. आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी असलेल्या टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, पाच टक्के जागा तेव्हा बघाव्या लागतील, आणि त्या घेतल्या तर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही हेही आधीच सांगावं लागेल.

सध्या दुसरं सेमिस्टर चालू आहे. माफीसाठीचा महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, उत्पन्नाचा दाखला चालू हवा, आणि कॉलेजच्या कारकुनाने अर्ज पुढे पाठवला की नाही हे आपणच जाऊन बघायचं. गेल्या आठवड्यात तिचे वडील तहसीलला नव्या दाखल्याचा अर्ज देऊन आले.